चौकट सोडताना

घणसोलीच्या सहाव्या मजल्यावर
मी एका ओळीत निकाल लावला होता:
फोकस गेला, की लिहिलेलं रद्द.
जुना आकडा परत जागेवर.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
मला वाटायचं, माणूस एक तर लिहितो
नाही तर लिहीत नाही.

मग तक्रार आली तुर्भ्याहून,
कांदा-बटाटा बाजारातल्या गाळ्यावरच्या
रेवती तांडेलची. चार शब्द:
वजनं आपोआप पुसली जातात.
मी विचारलं, एंटर दाबता ना?
त्यावर काही आलं नाही.
म्हणून पहाटे तीनला मीच गेले.

गाळ्यात एकच दिवा. कीबोर्डवर कांद्याची सालं,
एक तर स्पेसबारच्या फटीत उभं, पातळ, गुलाबी.
पडद्यावर माझाच तक्ता:
गाडी, माल, गोणी, वजन, तूट.
आणि शेजारी, दोरीनं बांधलेल्या पेनासकट,
लाल कापडी पुठ्ठ्याची वही.

"बस," ती म्हणाली. "काय बोलू नको. निस्ती बघ."

डबल-क्लिक. चौकट पांढरी झाली,
कर्सर लुकलुकला.
चार. सात.
"ताई, जुन्नरची गाडी मागं घेऊ का?"
ती वळली. मग फोन. मग चहावाल्याचे सुट्टे.
कोपराचा धक्का माउसला,
माउसचं टोक कुठल्यातरी भलत्याच ओळीत,
आणि चौकटीनं सत्तेचाळीस गिळून
बिल्टीतले बावन्न पुन्हा आणून ठेवले,
इतक्या निमूटपणे
की ते जिनं लिहिलं, तिच्याही
क्षणभर लक्षात आलं नाही.

गोणीमागे पाच किलोंचं भांडण
सकाळी तिच्याच टेबलापाशी येणार होतं.

तासाभरात सात वेळा.
मी मोजत होते, ती मोजत नव्हती;
ती वहीत लिहीत होती.
वहीत बावन्नवर एक आडवी रेघ,
रेघेखालून बावन्न अजून वाचता येणारे,
वर बारीक सत्तेचाळीस,
बाजूला सही, 'र'चं शेपूट लांब ओढलेलं.
एका ओळीत नुसता चार
आणि पुढे मोकळी जागा.

"हे काय?"
"तवा गोन फाटली. मापारी उठला.
चार लिवलाय, बाकीचा येल."
"आला का मग?"
"पान उलट."

वहीनं त्या चाराभोवती
लाल किनार काढली नव्हती.
'वैध संख्या लिहा' असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी निनाद म्हणाला,
मग काय, लिहिलं तेवढं जपायचं?
सत्तेचाळीसच्या जागी चार गेला बिलात,
तर ती तूट कोण भरणार, तू?
त्याचं खरं होतं.
मी ऐरोलीच्या खाडीकडच्या खिडकीशी
बराच वेळ उभी राहिले. फ्लेमिंगो वगैरे काही नव्हतं,
चिखल होता, आणि एक माणूस
त्यात गुडघ्याएवढा उतरून काहीतरी शोधत.

शेवटी तिसरंच लिहिलं.
फोकस गेला, तर आकडा राहील,
करड्या, तिरक्या अक्षरात.
बेरजेत धरला जाणार नाही.
पुसलाही जाणार नाही.
जुना त्याच्या खाली, रेघ मारलेला.
फेकायचंच असेल, तर एस्केप;
ते बोट तिचं असेल, माझं नाही.
आणि तक्त्याच्या तळाशी, न ओरडता:
एक नोंद अपुरी.

पंधरा दिवसांनी तिनं पडद्याचा फोटो पाठवला.
अकराव्या ओळीत एक करडा तीन
चार दिवसांपासून तसाच.
मी लिहिलं, काही अडलंय का?
"नाय. गाडीवाला गावाला गेलाय. येल."

फोटोच्या कडेला लाल पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता,
दोरीसकट.
त्याबद्दल मी काही विचारलं नाही.