बिलबुकाच्या पाठीमागे

तीन एचपीची मोटार बाकावर उघडी पडलीय,
दुकानभर जळक्या वार्निशचा वास,
आणि मी बिलबुक उलटं करून
कोऱ्या बाजूला लिहीत बसलोय:
अमळनेर. भुसावळ. खंडवा. इटारसी.
इथवर पेन न थांबता गेलं.
पुढची नावं गोरखने मोबाईलवर वाचून दाखवली,
सतना, पाटणा, कटिहार, न्यू जलपाईगुडी,
तेवढ्यासाठी त्याने हातातला पाना खाली ठेवला.

नागपूरच्या पलीकडे मी कधी गेलेलो नाही,
आणि नागपूर तर या रस्त्यावर येतही नाही.

चौदा तारखेला सकाळी दहाला हजर.
म्हणजे अकराला निघायला हवं,
म्हणजे दहाला. गाडी उशिरा येणारच,
तांब्याची तार घेताना मी पावशेर जास्तीची घेतो, तसं.
गुवाहाटीला उतरून दुसरी गाडी,
रात्रभर बोगद्यांतून सिलचर.
मायग्रेशन. डोमिसाइल. नॉन-क्रिमीलेयर.
फोटो आठ. (बारा काढ, हेमू.)
बादली तिथेच घ्यायची. कुलूप इथून न्यायचं.
न्यू जलपाईगुडी : चहा घ्यावा, गाडी थांबते.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
मीच ठरवलं.

तुझ्या आईने धुळ्याहून स्वेटर आणला.
जुलैत स्वेटर मागितला म्हणून दुकानदार हसला.
तू म्हणालीस, तिथे एवढी थंडी नसते गं,
पण आसाम म्हटल्यावर तिला फक्त डोंगर दिसतात.
मग त्याच स्वेटरात तिने बिबड्या गुंडाळल्या,
एप्रिलमध्ये गच्चीवर घातलेल्या.
तेव्हा निकाल लागला नव्हता,
त्या कुणासाठी वाळताहेत ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

समोरचे जिभाऊ ओट्यावर येऊन बसले:
"काब्र रे, आठे कालेज नही का?
आंडेरले इतलं दूर?"
मी म्हटलं, जिभाऊ, नंबर तिथला लागला.
ते बराच वेळ चुना मळत राहिले
आणि उठताना शंभराची नोट
बिलबुकात घालून गेले.
कटिहारच्या पानावर.

काल जेवताना तू सांगितलंस.
ताटाकडे बघत, सहज, मीठ मागावं तसं:
शिरपूरची एक मुलगी आहे, बडगुजरांची,
तिलाही तिथेच मिळालंय,
दोघींची तिकिटं शेजारशेजारची झालीत.
पप्पा, तुम्ही नका येऊ.
तुमचं दुकान बंद राहील पाच-सहा दिवस,
आणि परत येताना एकटे याल.

मी भाकरीचा तुकडा मोडला, परत मोडला.
तुझी आई स्वयंपाकघरात गेली,
काहीही आणायचं नव्हतं तरी गेली.
कधी काढलं तिकीट, विचारलं मी.
अठ्ठावीस तारखेला, म्हणालीस.
अठ्ठावीसला मी इटारसीपर्यंत आलो होतो.

मग भांडलो थोडे. खरं म्हणजे मीच भांडलो.
शेवटी ठरलं, भुसावळपर्यंत.

तर आता तेवढंच नीट करायचं.
आपली पॅसेंजर दुपारची, तुझी गाडी रात्रीची,
मध्ये पाच तास.
एस सात नंबरचा डबा कुठे लागतो,
गोरखचा मेव्हणा तिथे कॅन्टीनला आहे, त्याला विचारलं.
पुलाच्या पायऱ्यांपासून डावीकडे, पाण्याच्या नळासमोर.
पेटी मी चढवीन. साखळी मी बांधीन.
सीटखाली हात घालून कडी आहे का बघीन.
खिडकीतून बोलायचं नाही फार,
गाडी तिथे थोडाच वेळ थांबते
आणि मला एवढ्यात काय बोलायचं सुचत नाही.

दहीवदचे भावलाल आज मोटार न्यायला आले.
बिल फाडून दिलं, दोन हजार चारशे.
त्यांनी ते उलटं केलं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
लहान मुलासारखं एकेक अक्षर लावत
मोठ्याने वाचलं: न्यू. जल. पाई. गुडी.
"काय रे, इतला दूर मोटर बनाडाले जास का तू?"

नही, म्हटलं.
भुसावळलोंग.