बोटभर फट

उचगावच्या खळ्यावर फार्गो उभी आहे,
हौदा काढलेली. नुसती चेसी,
आणि चेसीमधून वर आलेला टाकळा.
नंबराच्या पाटीवर रंगाचे दोन थर :
खालच्या थरातली गाडी मुंबई राज्यातली,
वरच्यातली म्हैसूरची.
मधल्या काळात ती गेली होती फक्त
बाजारापर्यंत, रताळी घेऊन.

वरचा पत्रा सोलून काढला तशा
खालच्या फळ्या भिजल्या भाकरीसारख्या
हातात आल्या.
फाळक्याची तेवढी एक शाबूत,
तिच्यावर भरमाकाकांनी खिळ्याने कोरलेलं :
पोती अठ्ठावीस. पोती एकतीस.
आणि एका ठिकाणी नुसतंच, पंक्चर.

मी उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर.
शतांश मिलिमीटरचा माणूस.
खिशात व्हर्नियर घेऊन लाकडापुढे उभा राहिलो.
मोनाप्पा बडिगेर हसला नाही.
कानावरची पेन्सिल काढली,
परत कानावर ठेवली.

माट आणली खानापूरच्या वखारीतून,
जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का बसलेली,
पावतीसकट.
"सागवान कशाला? सागवान पाव्हण्यांस्नी दाखवायला.
रताळ्याच्या मातीला माटच पुरून उरती."

गुण्या लावला. कोपरा बसेना.
दोरी ताणली या कोनातून त्या कोनात, मग उलट.
तीन बोटं फरक.
चेसीच वाकलेली.
काकू तांदूळ निवडत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या,
सुळग्याच्या ओढ्यात गेली होती एकदा.
महिनाभर घरात कुणाशी बोलले नव्हते हे.
एवढंच. मग परत सुपात खडे.

मी म्हटलं, कारखान्यात नेऊ,
जॅक लावून सरळ करू.
"इरली बिडी," मोनाप्पा म्हणाला, "असू दे.
साठ वर्षं वाकडी चालल्या ती.
आता सरळ केलास तर दुसरीकडं तडकंल."
आणि त्याने हौदाच वाकडा करायला घेतला.
प्रत्येक तुळई वेगळ्या मापाची,
वंदु, यरडु, मूरु करत कानडीत मोजलेली,
मराठीत शिव्या देत तासलेली.
प्रत्येक कूस आपल्याच खाचेत बसणारी,
शेजारच्या खाचेत घातली तर
म्हशीसारखी अडणारी.

चार दिवस वाकस चालला.
ढलप्या काकूंच्या चुलीत,
भुसा गोठ्यात,
माझ्या दातांत माटेची तुरट चव.

फळ्यांवरून मात्र आमचं वाजलं.
मी दोन फळ्या अशा घासून बसवल्या
की पोस्टकार्ड जाऊ नये मधून.
बघ म्हटलं.
त्याने बघितलं, पटाशीने उचकटल्या,
मधे आपली करंगळी धरली,
नख गेलेली,
आणि तेवढी फट सोडून बोल्ट आवळला.
"काय बघालास? माती गळाय पायजे,
रताळं ऱ्हायला पायजे.
बूड घट्ट केलास तर खाली चिखल धरतो.
त्यो पत्रा कुणी मारला हुता देव जाणे,
लाकूड त्यानं खाल्लं, पावसानं न्हवं."

मी पान्हा शोधत राहिलो.
पान्हा हातातच होता.

पत्रा मी मारला होता.
नोकरीला लागलो त्या साली, पहिल्या पगारातून,
कडेला रिबिटांची सरळ ओळ,
प्रत्येक दोन इंचांवर, एकही चुकलेली नाही.
काका त्यावरून हात फिरवून म्हणाले होते,
झकास.
फट बुजल्याचं त्यांना दिसलं नसेल, असं नाही.
मरेपर्यंत काढला नाही तो त्यांनी.

जवसाचं तेल पाजलं दोन हात.
हौदा वाकडा, गाडी सरळ,
अशी ती उभी राहिली.
शाबूत फाळका होता तसाच मागे लावला,
खाली मोकळी जागा आहे अजून
पाच-सहा खेपांपुरती.

पहिल्या दिवशी रताळी सुटीच ओतली.
मी स्कूटरवर मागून.
फटींतून तांबड्या मातीच्या सात रेघा
रस्त्यावर पडत चालल्या,
खड्ड्यात तुटायच्या, पुढे परत धरायच्या,
तुरमुरीच्या फाट्यापर्यंत.
तिथे कुणाच्या तरी कोंबड्या आल्या
आणि उकरायला लागल्या.