उरलेल्या सहा बाटल्या

फळीवर सहा बाटल्या. आज मंगळवार.
शनिवारी नणंदेचा नवरा येणार,
तो एकटाच चार संपवतो.
ओदबियोर्गची फेरीबोटीवरची पाळी पहाटे पाचची.

म्हणून रात्री, भांडी घासता घासता,
ती माल्ट गरम पाण्यात कालवते,
पातेल्याभोवती सासऱ्यांचा जुना लोकरी कोट गुंडाळते
आणि झोपायला जाते.
गोडवा उतरायला माणूस जागं लागत नाही.

साडेतीनला गाळणं, उकळणं.
एक डोळा घड्याळावर, एक फेसावर.
हॉप्स तोलायला वेळ कुठे? मूठभर.
मग थोडे आणखी, मूठ लहान वाटली म्हणून.

विरजण तूरगाइरकडचं, लाकडी कड्यावर वाळवलेलं.
त्याला गारवा सोसत नाही,
पातेलं निवायची वाट बघायला नको.
कोमट असतानाच सोडायचं, झाकायचं,
वर पुन्हा तोच कोट.

गुरुवारी चाखली. जरा गढूळ.
बुडबुडे कमी. असू देत.
थोडं विरजण तिने बरणीत काढून ठेवलं:
आडात असलं तर पोहऱ्यात येईल.

बोटीवर तिकीट फाडताना
एका ट्रकवाल्याने हवा हुंगली.
"पाव भाजलास काय गं?"
"हो," ती म्हणाली,
आणि पुढच्या गाडीला हात केला.