शेवटची गाठ

गॅल्वेच्या सर्जनने माझ्या काळजाला हात घातला,
तोही शब्दशः.
पायातली शीर काढून छातीत जोडली,
बरगड्या स्टीलच्या तारेने आवळल्या.
चाळीस वर्षं मी किलीबेग्जच्या ट्रॉलरांची जाळी शिवली,
त्यामुळे आरशासमोर उभं केलं तेव्हा
आधी टाके पाहिले, मग चेहरा.
काम बरं होतं.
शेवटची गाठ मी वेगळी मारली असती.

सहा आठवडे भरलेल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही.
खोकला आला की उशी छातीशी धरायची.
उशी नोरीनची, तिच्यावर भरतकामातली बदकं.
लोक विचारत, आता ठीक ना?
छातीठोकपणे सांगता येत नव्हतं,
छाती ठोकायला परवानगी नव्हती.
डाव्या कुशीवर झोप नाही. उशीत ठोके ऐकू येत
आणि मी मोजत राही, धक्क्यावरच्या कारकुनासारखा,
एखादी पेटी कमी भरेल या धास्तीने.

गुरुवारी साडेदहाला चर्चच्या हॉलमध्ये व्यायाम.
मी आत शिरेपर्यंत
नोरीनने गाडीचं इंजिन बंद केलं नाही.
अकरा माणसं, अकरा खुर्च्या,
पॉलिशचा वास, कालच्या बिंगोचे आकडे फळ्यावर तसेच.
कोपऱ्यात बॅडमिंटनची जाळी, मधोमध भोक.
शिकवणारी ग्रान्या, माझ्या धाकटीहून लहान, म्हणाली,
धाप लागली तरी बोलता आलं पाहिजे.
गाता आलं, तर तुम्ही अंगचोरपणा करताय.

आम्ही बीन्सचे डबे उचलले.
या शंकूपासून त्या शंकूपर्यंत चाललो, परत आलो.
फियाख्रा, जो वादळात टोरी बेटामागून बोट काढून आणायचा,
खुर्चीतून उठताना मांड्यांवर हात टेकायचा
आणि हळूच बघायचा, कुणी पाहिलं का.
आम्ही सगळे छताकडे पाहायचो.

शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून शांत.
तेव्हा ऐकू आलं.
टिक. टिक. टिक.
अट्रॅक्टा मॅकगिन्लीची धातूची झडप.
पोस्टातली बाई. जन्मभर
गावाची पत्रं न वाचता पोचवली,
आणि आता तिच्या छातीतलं सगळ्या हॉलला ऐकू जात होतं.
तिने स्कार्फ वर ओढला,
जणू लोकर आवाज अडवेल.
पुढच्या गुरुवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्याही.

डोळे मिटून बसणं त्यानंतर जड गेलं.
हॉलमध्ये फक्त रेडिएटर, आणि ज्याचं त्याचं आतलं.
आठव्या आठवड्यात मी तिच्या घराचा चढ चढलो.
दोनदा थांबलो. एकदा मेंढ्या बघायला,
एकदा खरंच.
दार उघडून ती म्हणाली, चालत आलास?
हो.
बोलता येतंय?
येतंय.
गाता?
नाही.
मग बरोबर चाललंय, आत ये.
चहा होईपर्यंत मी सांगून टाकलं,
तू नसलीस की मला माझेच ठोके ऐकावे लागतात.
ती काही बोलली नाही.
स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती,
एक भिंतीवर.

बाराव्या गुरुवारी ग्रान्या म्हणाली, हात डोक्याच्या वर.
सगळ्यांनी नेले.
मी ते जाळीपाशी उभा राहून नेले,
खिशातली जुनी सुई घेऊन.
छाती ताणली गेली, तार कुरकुरली, धरून राहिली.
अट्रॅक्टाने दोऱ्याचं दुसरं टोक धरलं,
कानाजवळ तिची टिकटिक.
टाके काही त्या तालावर पडले नाहीत,
हातांना त्यांची स्वतःची घाई असते.
फियाख्रा मांड्यांना न शिवता उठला
आणि कुणी पाहिलं नाही म्हणून रुसला.
शेवटची गाठ मी माझ्या पद्धतीने मारली.
दातांनी दोरा तोडला,
धाप लागली होती,
तरी ग्रान्याशी बोललो.