अंक नववा, पान बत्तीस

भाई थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचे.
लालबागच्या त्या अंधारात माझी पावलं
पडद्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत.
मारामारीचा आहे, पोरीबाळींनी नाही बघायचा.
पण मध्यंतरात वडेवाल्याशेजारी एक माणूस
त्याच सिनेमांची कॉमिकं विकायचा, सव्वा रुपयाला एक,
आणि कोपरे दुमडलेली, न खपलेली
भाई रात्री घरी आणायचे डब्याच्या पिशवीतून.
मी पिक्चर पाहिले ते असे,
चटणीच्या डागांसकट.
ढ मी शाळेत नाही शिकले.
ढिशुममध्ये शिकले.

चित्रं पेडणेकर पेंटरची.
सिनेमा त्यांनीही पाहिलेला नसायचा.
कंपनी चार फोटो द्यायची, त्यावरून बत्तीस पानं.
म्हणून हिरोला चौथ्या पानावर मिशी, पाचव्यावर नाही.
हाँगकाँगच्या बंदरात मागे
भाऊच्या धक्क्यावरची सुकट वाळत असायची
आणि स्मगलरांचा बादशहा हुबेहूब
आमच्या नाक्यावरचे दाताचे डॉक्टर,
ज्यांनी पेडणेकरांची भलतीच दाढ उपटली होती.

नववा अंक गोदीचा.
क्रेनच्या टोकावरून हिरो उडी मारतो
अठ्ठाविसाव्या पानावर,
आणि एकतिसाव्यावरही तो हवेतच,
खाली पाणी की फरशी ते दिसत नाही.
बत्तिसावं पान नाही.
फाडलेलं.
मी रडले तेव्हा भाई म्हणाले,
हाताची सवय गं, चुकून फाटलं असेल.

लग्नात माझी ट्रंक सासूबाईंनी उघडली,
साड्या असतील म्हणून.
एकशे बारा कॉमिकं निघाली, डांबरगोळ्या घातलेली.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, वाचून झाली की मला दे.

आता बाकीचे पिक्चर मी फोनवर पाहिलेत.
खरं सांगते, जीव रमत नाही.
तिथे उडी दीड सेकंदात संपते,
खालच्या गादीचा कोपरासुद्धा दिसतो.
गोदीचा तेवढा कुठेच नाही.
रिळं म्हणे वितळवली, चांदीसाठी.

तर मटन स्ट्रीटला, मुर्तुझाभाईंच्या दुकानात,
ग्रामोफोनच्या कर्ण्यामागे, प्लास्टिकमध्ये सीलबंद:
नववा अंक. चार हजार.
मी म्हटलं, फक्त शेवटचं पान दाखवा.
ते म्हणाले, बेन, सील तूटा तो भाव गिरा.
मी म्हटलं, गिरने दो,
आणि माझ्या नखांनी त्यांचं ऐकलं नाही.

पान बत्तीस.
दंतमंजनाची जाहिरात. हसणारं कुटुंब, चौघं.
त्यावर, बोटभर पट्टीत, बारीक अक्षरांत:
हिरो वाचतो का?
बाकी रुपेरी पडद्यावर पाहा,
आपल्या जवळच्या चित्रगृहात.

साडेतीन हजारांवर सौदा तुटला.
घरी येऊन दोन्ही अंक ओट्यावर शेजारी ठेवले.
दोन्हीकडे तो हवेतच आहे,
एका बुटाची नाडी सुटलेली.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली.
मी जुन्या अंकाची ती फाटकी कड
पहिल्यांदाच चष्मा लावून बघत होते.

दारावरचा हात घाईत फाडतो. तिरकं, दातेरी,
अर्धं गिऱ्हाइकाला, अर्धं डब्यात.
भाईंनी फाडलेली हजारो तिकिटं मी पाहिलीत,
त्यांच्या खिशातून धुण्यात यायची.

ही कड सरळ आहे.
पट्टी लावून, दाबून, सावकाश.
वरच्या टोकाला पेन्सिलीची एक रेघसुद्धा राहिलीय,
कुठून फाडायचं ते आधी आखलेलं.