मुंग्यांच्या पावलांनी

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
हे मुंग्यांच्या आलं.

मंगळवारी, ओहोटीला, कोर्मेच्या खडकांवर
लाटेच्या तोंडची पेर्सेबे खरवडताना
डाव्या मांडीत, आत, अगदी वर,
मुंग्या आल्या.
वाटलं, रबरी पोशाख काचला.
पंचवीस वर्षं काचतोच आहे.

बुधवारी कणकण.
पायाला ठेच नाही, तरी जांघेत अवधाण.
गुरुवारी लघवीला बसले
आणि दाराची कडी घट्ट धरून
मेलेल्या नवऱ्याला हाक मारली.
तो होता तेव्हा कधी मारली नव्हती.

मग आरसा. नातीचा, गुलाबी,
पाठीवर मांजर चिकटवलेला.
अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं स्वतःला
तिथं पहिल्यांदा बघावं, तेही असं:
पाच-सहा बारीक फोड, पाण्यानं भरलेले,
एका झुबक्यात, एक फुटलेला.
खडकाला पेर्सेबे धरतात तसे.
हसूच आलं.
मग नाही आलं.

गावात दवाखाना आहे. दवाखान्यात नर्स आहे.
नर्स माझ्या नवऱ्याची चुलतबहीण आहे.
म्हणून शुक्रवारी सकाळची बस, कार्बाल्योची.
आणि बस कोण चालवतं?
एलिसेओ.
ज्याच्यासाठी फेब्रुवारीपासून
मी केस रंगवते, तो.

"बस ना ओबदुलिया, पुढची सीट रिकामी आहे."
"उभीच बरी."
चाळीस मिनिटं दांडा धरून.
दर वळणाला तो आरशातून माझ्याकडे,
मी बाहेर निलगिरीकडे.

डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची, इरिया.
मी म्हटलं, "खाली जरा... पोशाख काचलाय."
ती म्हणाली, "बघू या?"
त्या 'या'मध्ये आम्ही दोघी होतो.
तेवढ्यावर मी बूट काढले.

कापसाच्या काडीनं तिनं फोडाचं पाणी टिपलं.
"लवकर आलात ते बरं. सुकून गेलं की
काडीला फारसं काही सांगता येत नाही."
तपासणीआधीच तिला अंदाज होता: हर्पिस.
नागिणीच्याच कुळातला,
पण हा कण्याच्या मुळाशी बीळ करून राहतो.
बहुतेक काळ झोपतो. कधीमधी जागा होतो.
गोळ्या आहेत. समूळ जात नाही,
पुढच्या खेपा मात्र सहसा हलक्या.
जखमा भरेपर्यंत जवळीक नको.
"आणि जोडीदाराला सांगा. फोड नसतानाही
जाऊ शकतो तो एकाकडून दुसऱ्याकडे."

मी विचारलंच: "आला कुठून?"
"तारीख सांगता येत नाही. यंदाचा असेल,
वीस वर्षांपूर्वीचाही असेल.
ओठाला ताप उततो ना, त्या ओठांतूनही येतो."

ओठ.
मार्चमध्ये एलिसेओच्या खालच्या ओठाला उतला होता.
वारा लागला, म्हणाला.
आणि माझा नवरा वर्षातले सहा महिने
आयर्लंडच्या समुद्रावर, बंदराबंदरांत.
खटला चालवावा म्हटलं
तर एक आरोपी मेलेला,
दुसरा चौकात बसचं इंजिन चालू ठेवून उभा.
आपलेच दात, आपलेच ओठ.

परतीला शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले.
मी नाही.
पिशवीतल्या गोळ्यांचं पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं
आणि नाव सांगितलं, डॉक्टरणीनं सांगितलं तसं,
आवाज न उतरवता. निदान सुरुवातीला तरी.
ओठाचंही सांगितलं. नवऱ्याचंही.

त्यानं इंजिन बंद केलं.
बराच वेळ काच पुसत राहिला, ती स्वच्छच होती.
कुणाकडून, हे त्यानं विचारलं नाही.
मी तयार ठेवलेलं उत्तर तसंच राहिलं.
"दुखतं?" म्हणाला.
"बसता येत नाही."

मग कानापर्यंत लाल होत
त्यानं आपल्या सीटवरनं एक गोल उशी काढली,
मधोमध भोक असलेली,
मूळव्याधीची,
फेब्रुवारीपासून माझ्यापासून लपवलेली.

बसले.