अंधारात की उजेडात

दुखायचा तो उजवा. डावा नुसता बघत राहायचा,
शेजारच्या घरात भांडण लागल्यावर बघावं तसा.

भुवईच्या आत सुरू व्हायचं,
मग कवटीत मागच्या बाजूला कुणीतरी पहार घेऊन
विहिरीचा कातळ उकरतंय असं.
उलटी व्हायची.
उलटी झाली की सगळे म्हणायचे, पित्त.

पित्तावर कोकम झालं, मोरावळा झाला.
हौसाक्कानं मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या,
तडतडल्या नाहीत, तर तिचाच चेहरा पडला.
बजरंग म्हणाला, रात्री मोबाईल बघतेस.
मी कुठला बघते? त्यातली बॅटरी तेवढी लावते.
तासगावात चष्मेवाल्यानं नंबर काढला, अर्धा.
अर्ध्या नंबरानं एवढं दुखतं का, विचारलं
तर म्हणाला, वय झालं मावशी.
अठ्ठेचाळीस.
मग कुणी दातांचं सांगितलं, एक दाढ काढली.
दाढ गेली. दुखणं आपल्या जागेवर.

काम माझं बेदाण्याचं.
पट्ट्यावरून दाणा सरकत येतो,
दोन्हीकडं मिळून आम्ही सोळा बायका,
काडी, खडा, काळा दाणा वेचायचा.
डोळ्यांवरच पोट आमचं.
वर ट्यूबा इतक्या पांढऱ्या की हाताला सावली नाही.
मलाही वाटलं, हा उजेडच चावतोय.
नसीमभाभीला म्हटलं, मला आत घाल,
कोल्ड स्टोरेजला, खोकी मोजायला.
अंधार असतो, गार असतं, डोळ्याला बरं.

बरं!
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आले
तर फाटकावरच्या दिव्याभोवती कडं,
तांबडं, हिरवं, कडेला जांभळं.
महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.
काय छान दिसतंय, असंच आलं आधी मनात.
हे कुणाला सांगितलं नाही.
मग तिथंच खडीवर गुडघे टेकले.

मिरजेला डॉक्टरीणबाई, कुरणे आडनाव, पोरगेलीशी.
तिनं माझी कागदांची पिशवी बाजूला सारली.
म्हणाली, कधी सुरू होतं? अंधारात की उजेडात?

आठ महिने जो तो मला कारण देत होता.
विचारलं कुणी नव्हतं.

डोळ्यात पाणी तयार होतं, म्हणाली,
रडायचं नव्हे, आतलं. कोपऱ्यातून निघून जातं.
तुमचा कोपरा मुळातच चिंचोळा.
अंधारात बाहुली मोठी होते, कोपरा मिटतो, पाणी तुंबतं.
मोरीसारखं?
मोरीसारखंच.
यंत्रावर आकडा अठ्ठावन्न. विसाच्या आत पाहिजे होता.
मग सहज विचारावं तसं,
तुमच्यात कुणाचा डोळा गेलाय?

लेझरनं बुबुळाला भोक पाडलं, सुईच्या टोकाएवढं.
टक् असा आवाज आला, तो कानात की डोळ्यात, कळलं नाही.
आता पुन्हा पट्ट्यावर बसते, ट्यूबांखाली.
रात्री मोरीतला दिवा चालू ठेवते. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.
बजरंग कुरकुरतो, बिल कोण भरणार.

आईचा गेला. सावळजला, मी चौथीत होते.
डोकं धरून ती मधल्या खोलीत पडायची
तोंडावर ओला पदर घेऊन,
आणि आम्ही दार ओढून घ्यायचो, खिडकीला घोंगडं,
पायांत चपला नाहीत, बोलणं नाही,
तिला उजेडाचा त्रास नको म्हणून.
डोळा गेल्यावर गाव म्हणालं, चुलीचा धूर.
बाप म्हणाला, नवस राहिला.

दाराला खाली फट होती.
तिच्यात चिंधी मी कोंबायचे,
जुन्या लुगड्याच्या काठाची, जांभळी.
बोटानं ढकलत ढकलत,
एक रेघ राहू द्यायची नाही.
आतून आई म्हणायची, गुणाची गं माझी.